सातवीतल्या पोरीसाठी रोबोटिक्स किट: दीड हजारात काही होतं का?

पऱ्हाटीवाली (यवतमाळ जिल्हा): नमस्कार मंडळी. पोरगी सातवीत आहे, झेडपीच्या शाळेत. बंद पडलेला टॉर्च दिसला की उघडून बसते. तिला रोबोटिक्सचं किट पाहिजे. चांगलं किट सात-आठ हजारांखाली दिसत नाही, म्हणजे क्विंटलभर कापूस एका डब्यात. काहून एवढं महाग असते हे?

बर्डीकर (नागपूर): ताई, परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. वर ब्रँडचे पैसे वेगळे. डबा घेऊच नका, सुटे भाग घ्या. आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याचं डिझाइन खुलं आहे, त्यामुळे तसाच बोर्ड दुसऱ्या कंपन्याही बनवतात आणि तो स्वस्त पडतो. आर्डुइनोचाच ऊनो बोर्ड, दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरच्या छोट्या मोटर) चाकांसकट, मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालवणारा भाग), अंतर मोजणारा सेन्सर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायर खोचायची पट्टी), जंपर वायर. दीड हजारात बसवता येते. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मात्र घेऊ नका, मोटरला पुरेसा करंट देत नाही. चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या.

झेडपी_मास्तर (वाशीम): त्याआधी दहा-वीस रुपयांचं काम सांगतो. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा, दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, गुल खरवडलेल्या काडेपेटीच्या काड्या दोन्ही टोकांतून घाला. मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी खोचली की तिहेरी सांधा तयार. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. आमची पोरं यावरूनच पूल उभारतात. टाकाऊतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर अशी खेळणी आहेत, मराठी पुस्तकंही फुकट. आणि तालुक्याच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (पोरांनी हातानं वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे का बघा. सहावी ते बारावीसाठी असते, सरकार २० लाखांपर्यंत अनुदान देते. सामान कुलपात पडून असेल तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, पोरीला बसू द्या म्हणा.

पऱ्हाटीवाली: मास्तर, ट्यूब उद्याच आणते. पण घरी लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल.

बर्डीकर: चालते. अँड्रॉइडला ओटीजी वायर (मोबाइलला दुसरं यंत्र जोडायची) लावून ऊनोवर प्रोग्रॅम चढवता येतो, मोबाइलला ओटीजी चालतो का तेवढं आधी पाहा. पुढं वांग्याच्या वाफ्यात ओलावा मोजायचा असेल तर दोन दातांचा स्वस्त सेन्सर नको, मातीत गंजतो. कॅपॅसिटिव्ह (उघडा धातू मातीला न लागता ओलावा मोजणारा) मागा, आणि त्याच्या वरच्या भागाला पाणी लागू देऊ नका.