गुडघेरोपणानंतर सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त का साचते?

प्रश्न
माझ्या आईचा (वय 68) उजवा गुडघा 2 वर्षांपूर्वी बदलला. मध्यंतरी ती जिने सहज चढत होती; गेल्या 4 महिन्यांत मात्र काही मार बसलेला नसताना गुडघा 3 वेळा काही तासांतच टम्म सुजला. दर वेळी सुईने पाणी काढायला गेलो आणि सिरिंज काळपट लाल रक्ताने भरली. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. एका रुग्णालयात ‘गोळी बंद करा’ एवढेच सांगितले. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर 1 (अस्थिरोगतज्ज्ञ)
कृपया गोळी परस्पर बंद करू नका, त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. रक्तस्राव फक्त याच सांध्यात होत असेल, तर कारण बहुधा सांध्यातच असते. सांध्याचे अस्तर वाढून रक्तवाहिन्यांनी भरते आणि गुडघा वाकताना कृत्रिम भागांमध्ये चिमटले जाते, हे नेहमी आढळणारे कारण आहे. क्वचित एखाद्या धमनीला फुगा आलेला असतो किंवा सांधा ढिला असतो. पण सर्वांत आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी: काढलेल्या द्रवाची पेशीगणना आणि कल्चर (द्रवात जंतू वाढतात का, ते पाहणारी चाचणी), तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. सोबत एक्स-रे, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी), प्लेटलेट, तसेच रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्या. सूज आली त्या दिवशीचा आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आकडा) किती होता, हे कळवाल का?

उत्तर 2
माझ्या वडिलांना हाच त्रास होता. जांघेतून बारीक नळी घालून अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) केली, तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूस शाईचा डाग पसरावा तसा भाग पडद्यावर दिसला. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सूक्ष्म कण सोडून तिथेच बंद केल्या. गुडघ्यावरची त्वचा काही दिवस निळसर होती. 5 महिन्यांनी पुन्हा रक्त आले आणि तीच प्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

प्रश्नकर्ती
फाइल चाळली. तिन्ही वेळचे आयएनआर 2.3, 2.6 आणि 2.4 आहेत. कल्चर मात्र एकदाही पाठवलेले दिसत नाही.

उत्तर 1 (अस्थिरोगतज्ज्ञ)
आयएनआर 2 ते 3 या अपेक्षित मर्यादेतच आहे, म्हणजे सगळा दोष एकट्या गोळीवर टाकता येणार नाही. पुढच्या सुजेला कल्चर नक्की पाठवा. संसर्ग नसेल आणि सांधा ढिला नसेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून अँजिओग्राफी व धमनी बंद करण्याची प्रक्रिया, आणि तीही अपुरी पडल्यास अस्तर काढण्याची शस्त्रक्रिया, असा क्रम मी ठेवेन. तोवर सूज येताच विश्रांती, बर्फ आणि दाबपट्टी.