पेठेचा दिवस करायचा, तर नेमका कुणाचा?

तिकटीवरला
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा मी खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. बंबावर बंब येत होते, आणि माझ्या शेजारचे एक आजोबा कुणी विचारलं नसताना बोलत सुटले होते. कुठल्या दारातनं फुकट आत शिरायचे, डोअरकीपर कसा कान पिरगाळायचा, मध्यंतरात भजी कुठं मिळायची. ऐकायला दहा-बाराजण गोळा झाले. १९१५ चं नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, एवढं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. बाकीचं सगळं त्या रात्री कळलं, तेही वास्तू जळताना.

तर प्रस्ताव असा. वर्षातनं एक रविवार गल्लीतला रस्ता दुपारपर्यंत बंद ठेवायचा. घराघरातले जुने फोटो, पितळेची भांडी, पैलवानांचे मुद्गल बाहेर मांडायचे. म्हाताऱ्यांनी खुर्चीत बसून बोलायचं, पोरांनी मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. बास. मंगळवार पेठेत आम्ही चौघंजण सुरुवात करायच्या विचारात आहोत. बोला.

पीढबाक
नाद करतो काय! आमचा पेठेचा दिवस आषाढातच असतो. त्र्यंबोली देवीला पाणी वाहायला गल्ली न् गल्ली निघते, बायकांच्या डोक्यावर कळशा, पुढं पिपाणी-ढोल. त्याला कुणी आमंत्रणपत्रिका छापत नाही. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून आणतात, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा. मोहरमला तालमीत पंजे बसतात आणि गणपतीही त्याच तालमीत. संस्कृती चालू हाय की भावा. खुर्चीत बसवून रेकॉर्ड करायची वेळ संस्कृती मेल्यावर येते.

शाल_नारळ_नको
तिकटीवरला, कल्पना चांगली आहे म्हणूनच तिची भीती वाटते. आमच्या गल्लीत असाच एक 'वारसा सोहळा' झाला होता. ११०० ची पावती फाडली. आठवडाभर आधी चौकात डिजिटल फलक लागला. त्यावर छत्तीस चेहरे, आणि ज्या जुन्या वाड्याचा सोहळा होता त्याचा फोटो कोपऱ्यात काडेपेटीएवढा. संध्याकाळी स्टेजवर सत्कारच सत्कार. पाऊण तास मी शाली मोजत बसलो होतो. ज्या ऐंशी वर्षांच्या मावशींना बोलायला आणलं होतं त्यांच्या हातात माईक आला तेव्हा मागं डॉल्बीवाल्यानं टेस्टिंग सुरू केलं. त्या बिचाऱ्या "बरं हाय सगळं" एवढंच बोलून बसल्या. तुमचा रविवार दुसऱ्या वर्षी हाच होणार, लिहून ठेवा.

तळ्याचा काठ
माझा आक्षेप वेगळा आहे. आठवण आणि इतिहास यात आपण फरक करत नाही. प्रत्येक गल्लीला वाटतं महाराज आपल्याच कट्ट्यावर बसायचे. एकानं माईकवर सांगितलं की दुसऱ्या वर्षी ते फलकावर येतं, तिसऱ्या वर्षी त्यावरनं भांडण.

आणि जे खरंच डोळ्यासमोर आहे ते कुणाला माहीत नसतं. मध्यंतरी भाच्यांना घेऊन फिरलो. कपिलतीर्थ मंडईत विचारलं, इथलं तीर्थ कुठंय? पोरं वांग्यांच्या ढिगाकडं बघायला लागली. ती मंडई म्हणजे बुजवलेलं तळं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. पावसाळ्यात तिथं पाणी साचलं की लोक महापालिकेला शिव्या देतात, पण पाणी आपल्या जुन्या घरी आलेलं असतं. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं, म्हणून शेजारी रावणेश्वराचं देऊळ. दिवस करायचाच असेल तर खुर्च्या मांडू नका, चालत फिरवा.

उपनगरकर
मी कळंब्याच्या बाजूला राहतो. घर पेठेत नाही, गाव कागल तालुक्यात. वीस वर्षं कोल्हापुरात भाडं भरतोय, अजून कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "मूळचं कुठलं?" तुमच्या रविवारी मी काय करायचं, प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवायच्या? पेठेचा अभिमान पेठांच्या संघांच्या फुटबॉल हंगामात काय रंग दाखवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आणखी एका दिवसाची भर कशाला? सगळ्या शहराचा म्हणून साजरा करा ना. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला फुले-आंबेडकरांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना. माधवराव बागलांचा पुढाकार, बाळ चव्हाणांनी घडवलेले. ते कुठल्या पेठेचे?

पीढबाक
@उपनगरकर मूळचं कुठलं विचारलं म्हणजे हाकलत नाही ओ, चहा सांगायच्या आधीचं बोलणं असतंय ते 😄

उपनगरकर
वीस वर्षं चहाच पितोय. वर्गणी मागायला मात्र बरोबर घर सापडतं.

सासर_गंगावेस
सगळे बाप्येच बोलाय लागलाय म्हणून मी लिहितो. (बाहेरगावच्यांनी हसू नये, आमच्यात बायका असंच बोलतात. मी आलो, मी गेलो. कुठल्याबी कार्यक्रमात हे कुणी सांगत नाही, ह्योबी इतिहासच हाय.)

गंगावेशीत रात्री कट्ट्यावर डोळ्यादेखत म्हशीची धार काढून दूध देतात, त्याचे व्हिडिओ लाखानं फिरतात. पण त्या म्हशीचं शेणघाण, वैरण, पहाटेचं उठणं कोण करतंय? धारेचा फोटो निघतो, शेणाचा नाही. तालीम म्हणजे पेठ असं धरलं की आमचं नाव कुठंच येत नाही. आम्ही तालमीच्या दारातनं पुढं गेलो, आत कधी नाही. तुमच्या रविवारी बोलायला कुणाला बसवणार ते आधी सांगा, मग मी हो म्हणतो.

तिकटीवरला
शाल-नारळ आणि डिजिटल नाही, हे आत्ताच कबूल. वर्गणीही नाही, चहाचं आम्ही चौघं बघतो. तळ्यांची फेरी सकाळी सात वाजता, काठभाऊ, पुढं तुम्हीच चाला. जे ऐकीव असेल ते 'ऐकीव' म्हणूनच लिहून ठेवू.

उपनगरकर, तुमच्याशी मात्र माझं पटत नाही. सगळ्या शहराचा केला की तो महापालिकेचा होतो, आणि मग भाषणं. गल्ली लहान असते म्हणून म्हातारा माणूस बोलतो. पण भाडेकरूंनी आपला फोटो आणावा, कागलचा असला तरी. माझ्याच वाड्यात चार बिऱ्हाडं होती, त्यांना वगळलं तर वाड्याची गोष्ट अर्धीच राहील.

शाल_नारळ_नको
नगरसेवक स्वतःहून आले तर?

तिकटीवरला
खुर्ची देऊ. माईकच नाही.

पीढबाक
पिपाणी तरी ठेवा राव.

सासर_गंगावेस
माझ्याकडं आजेसासूचा फोटो हाय, त्र्यंबोलीला पाणी नेताना. डोक्यावर कळशी, पदर दातात धरलेला. पाठीमागं शाईनं ढोलवाल्याचं आणि पिपाणीवाल्याचं नाव लिहिलंय. तिचं नाही. नवऱ्याला विचारलं, सासऱ्यांना विचारलं, सगळे 'म्हातारी आई' म्हणतात. फोटो आणतो मी रविवारी. शुक्रवार पेठेतलं तिचं माहेर होतं एवढं कळलंय, तिकडचं कुणी आलं तर ओळख पटवा.