पर्वरीहून दोघांसाठी निवांत बार
गोव्यातल्या पर्वरीकरांना शांत बारसाठी कळंगुट गाठावंच लागतं, असं काही जण म्हणतात; मला ते पटलं नाही. मांडवी नदी ओलांडली की पणजीची फोंतेन्हास ही जुनी वस्ती आहे. तिथला जोसेफ बार अगदी लहान, शनिवारी लोक बाहेर रस्त्यावर ग्लास घेऊन उभे असतात. मनमोकळं बोलायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, बार उघडल्या उघडल्या जा.

काय प्यायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि संध्याकाळ तिथेच बिघडते. मार्च ते मे हुर्राक मागा: काजूच्या बोंडांची, एकदाच गाळलेली दारू, साधारण 15 टक्के अल्कोहोलची. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का; गप्पा लांबल्या तरी झेपते. ती फार टिकत नाही, पावसाळ्यात मागू नका. फेणी 42 टक्क्यांच्या आसपास, वासही उग्र. नवख्या जोडीदारासाठी 30 मिली कोकमासोबत पुरे.

परतीची टॅक्सी मात्र आधीच ठरवा. गोव्यात ओला-उबर नाहीत, गोवामाइल्स या टॅक्सी अ‍ॅपची गाडी रात्री उशिरा निवासी भागात लगेच मिळेलच असं नाही. स्कूटर घरीच ठेवा. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.