सुरुवातीला ०% व्याज असलेलं कार्ड: जुनी बाकी त्यावर हलवू का?

सावली_२

नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे म्हणून विचारतेय. माझ्या आत्ताच्या क्रेडिट कार्डावर ६०,००० बाकी साचलीय. आईच्या आजारपणात एकदम खर्च आला, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, आणि मग तीन-चार महिने नुसता मिनिमम ड्यू (बिलातली भरायलाच लागणारी किमान रक्कम) भरत राहिले. व्याज वर्षाला २४%. परवा स्टेटमेंट नीट वाचलं तर कळलं की २,००० भरले त्यातले १,२०० व्याजातच गेले. रात्री झोप लागली नाही खरं सांगते.

आता दोन नवीन कार्डांच्या ऑफर समोर आहेत. एकावर ६ महिने ०% व्याज आणि ट्रान्सफर फी (जुनी बाकी हलवायची फी) नाही. दुसऱ्यावर १२ महिने ०%, पण जेवढी बाकी हलवू तिच्यावर ३% फी, म्हणजे १,८०० एकदम लागणार. मुदत संपली की दोन्हींचा दर ३०%. वार्षिक फी दोन्हींना नाही. मला पहिलं बरं वाटतंय, कशाला उगाच १,८०० घालवा? महिन्याला ओढूनताणून ५,००० ते ५,२०० काढू शकते, त्यापेक्षा जास्त नाही जमणार. कोणी असं केलंय का? कुठे फसायला होतं?

आकडेमोड

सावलीताई, आधी एक सांगतो, तुम्ही महिन्याला किती काढू शकता हे तुम्ही स्वतःच लिहिलंत ते फार बरं झालं, कारण सगळा निकाल त्याच आकड्यावर लागतो. ऑफर कितीही गोड असली तरी बाकी भागिले महिने केल्यावर येणारा हप्ता झेपणार आहे का हे पहिलं बघायचं, बाकी सगळं नंतर.

तुमचा हप्ता ५,१५० धरून कागदावर मांडलं. आत्ताच्याच कार्डावर राहिलात आणि नवीन काही खरेदी केली नाहीत तर १४व्या महिन्यात बाकी संपेल आणि व्याज जाईल साधारण ९,०००.

६ महिन्यांचं फुकट कार्ड घेतलं तर ६ महिन्यांत ३०,९०० फिटतील, २९,१०० उरतील, आणि त्यावर ३०% दराने म्हणजे महिन्याला अडीच टक्क्याने व्याज सुरू. ते फेडायला अजून ७ महिने, व्याज साधारण २,६७०.

१२ महिन्यांचं घेतलं तर ६०,००० अधिक १,८०० म्हणजे ६१,८००, भागिले १२ बरोबर ५,१५०. वर्षात पाटी कोरी, खर्च फक्त १,८००.

म्हणजे ज्याला फी नाही तेच तुम्हाला ८७० च्या आसपास महाग पडतंय! महिन्याला १०,००० काढता आले असते तर मीच म्हणालो असतो की डोळे झाकून पहिलं घ्या.

आणि फीकडे बघायची अजून एक रीत आहे, मला स्वतःला ती उशिरा कळली. बाकी दर महिन्याला कमी होत जाते, त्यामुळे फी खरं तर सरासरी निम्म्याच्या थोड्या वर रकमेवर पडते. १२ महिन्यांना ३% फी म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या कर्जासारखं झालं. पण तीच फी ५% असेल आणि मुदत ६ महिनेच असेल तर ते १७% वार्षिक होतं. ज्याचं जुनं कर्ज मुळात १२-१३% चं आहे त्याने तसलं कार्ड घेतलं तर "०%" च्या नावाखाली तोटाच. तुमचे २४% आहेत, तुम्हाला फायदा आहे. फीवर कर लागत असेल तर तोही धरा.

निवांत_वारा

वरचा हिशेब एकदम बरोबर आहे पण मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटतेय, ती म्हणजे हे ०% नक्की कुठलं ०% आहे. दोन जाती असतात. एकात मुदतीत व्याज लागतच नाही, मुदत संपली की उरलेल्या रकमेवर तिथून पुढे लागतं. दुसऱ्यात व्याज पहिल्या दिवसापासून मागे साठत असतं, फक्त मागत नाहीत, मुदतीत सगळं फेडलं तर माफ, आणि थोडं जरी उरलं तर अख्खं साठलेलं व्याज एकदम अंगावर येतं. ही दुसरी जात दुकानांच्या कार्डांवर जास्त दिसते.

मी यात पोळलोय. एका दुकानाचं कार्ड घेतलं होतं, २४,००० चं सामान, १२ महिने बिनव्याजी. मी अंदाजाने महिन्याला १,९५० भरत गेलो, म्हटलं शेवटी थोडंफार राहील ते तेराव्या महिन्यात देऊ. राहिले ६००. तेराव्या बिलात ६०० च्या जोडीला ३,२०० च्या आसपास व्याज लावून आलं, पहिल्या दिवसापासूनचं. फोन करून भांडलो पण कागदावर माझीच सही होती. ६०० साठी! महिन्याला नुसते ५० जास्त भरले असते तर एक पैसा लागला नसता.

अटींमध्ये "खरेदीच्या तारखेपासून व्याज आकारले जाईल" किंवा "मुदतीत पूर्ण रक्कम फेडल्यास व्याज नाही" अशी भाषा दिसली की लगेच सावध व्हा. आणि कस्टमर केअरला तोंडी विचारू नका, ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर हातात राहतं.

पडघम

ताई, आईंची तब्येत आता कशी आहे? आधी ते सांगा.

मी दोनदा बॅलन्स ट्रान्सफर केलाय, एकदा नीट जमलं, एकदा नाही. नाही जमलं ते का ते सांगते, कारण ही चूक बहुतेक जण करतात. मी नवीन कार्ड आणलं, जुनी बाकी त्यावर हलवली, आणि मग रोजची खरेदीपण त्याच कार्डावर करायला लागले. ०% फक्त ट्रान्सफर केलेल्या रकमेला होतं. एरवी आपण बिल पूर्ण भरलं की खरेदीवर काही दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते ना, ती बाकी पूर्ण भरली तरच मिळते, आणि ट्रान्सफरची बाकी तर कार्डावर बसलेलीच असते, म्हणजे बिल पूर्ण भरलेलं नसतंच. त्यामुळे माझ्या प्रत्येक खरेदीवर पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज लागत होतं आणि मला चार महिने पत्ता नव्हता. मी भरलेले पैसे आधी कुठल्या बाकीत जमा होतात हेही तेव्हा माहीत नव्हतं. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने मिनिममच्या वरचे पैसे आधी जास्त व्याजाच्या बाकीत वळवावे लागतात, पण सगळीकडे असा नियम असेल असं धरून चालू नका, अटींमध्ये बघा.

म्हणून माझं स्पष्ट मत, ट्रान्सफरचं कार्ड हे फक्त फेडायचं कार्ड. हातात आलं की कपाटात ठेवायचं. एटीएममधून पैसे काढायला तर अजिबात वापरायचं नाही, रोख रकमेला ०% लागू नसतं, वर वेगळी फी आणि त्याच दिवसापासून व्याज.

अजून काही सुटं सुटं जे आठवतंय ते लिहिते. हप्ता एक दिवस जरी चुकला तरी काही बँका ऑफरच काढून घेतात, त्यामुळे ऑटो पे लावा, पण मिनिममचं नको, ५,१५० चं फिक्स लावा. मिनिममवर राहिलात तर वर्षअखेर डोंगर तसाच उभा असतो आणि खाली ३०% चा दर. ट्रान्सफर व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर जुन्या कार्डाचं बिल भरत रहा, नाहीतर तिकडे लेट फी. नवीन कार्डाचं लिमिट किती मिळेल ते अर्ज मंजूर झाल्यावरच कळतं, ६१,८०० च्या खाली आलं तर पूर्ण बाकी हलणार नाही. आणि दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील तर ट्रान्सफर बहुतेक होतच नाही.

आकडेमोड

पडघम ताईंचं लिमिटवालं फार महत्त्वाचं. त्यात एक भर, दोन्ही कार्डांना एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी (बँकेने केलेली चौकशी) क्रेडिट रिपोर्टवर दिसते आणि क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो गुणांक, थोडा घसरू शकतो. आधी पात्रता तपासायची सोय असेल तर ती वापरा, त्याने स्कोअरला धक्का लागत नाही. आणि जुनं कार्ड रिकामं झालं की लगेच बंद करू नका, एकूण लिमिट कमी झालं की वापराचं प्रमाण, म्हणजे लिमिटपैकी किती वापरलंय ते, वाढलेलं दिसतं आणि स्कोअर घसरू शकतो. मात्र ते हाताशी असलं की खर्च होतोच असं स्वतःबद्दल माहीत असेल तर सरळ बंद करा, स्कोअर परत येतो, पुन्हा साचलेली बाकी मात्र दोन कार्डांची होते.

सावली_२

सगळ्यांचे मनापासून आभार. आई आता घरी आहे, चालतेय फिरतेय, गोळ्या चालू आहेत.

तुमचं वाचून १२ महिन्यांच्या कार्डाकडे ईमेल केला होता, आज उत्तर आलं. व्याज मागे साठवत नाहीत, मुदतीनंतर फक्त उरलेल्या रकमेवर लागेल असं स्पष्ट लिहिलंय. खरेदीला ०% नाही, तेही लिहिलंय. पण एक नवीनच कळलं, १२ महिने कार्ड मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजतात, ट्रान्सफर झाल्यापासून नाही. म्हणजे अर्ज, ट्रान्सफर, पहिलं बिल हे सगळं जाऊन माझ्या हातात ११ च हप्ते येतील असं दिसतंय. ६१,८०० भागिले ११ म्हणजे ५,६१८ होतात, तेवढे खरंच नाही निघणार. मग आता सगळंच बिघडलं का?

आकडेमोड

काही बिघडलं नाही ताई. ५,१५० चे ११ हप्ते म्हणजे ५६,६५० फिटले, उरले ५,१५०. त्यावर एक महिना ३०% दराने व्याज लागलं तरी १२९ होतात. १,८०० अधिक १२९, तरीही ६ महिन्यांच्या कार्डापेक्षा स्वस्तच. निवांतदादांनी सांगितलेल्या दुसऱ्या जातीचं कार्ड असतं तर मात्र हेच ५,१५० फार महागात गेले असते, म्हणून तो ईमेल जपून ठेवा.

निवांत_वारा

हो, आणि पहिलं बिल यायची वाट बघू नका. ट्रान्सफर जमा झाल्याचं दिसलं की दुसऱ्याच दिवशी पहिले ५,१५० भरून टाका, बिल निघण्याआधीही भरता येतात. तो गेलेला बारावा हप्ता तिथेच परत मिळतो. फक्त बिल आल्यावर त्याचा मिनिममही वेळेत भरायचा, आधी भरलेले पैसे काही बँका त्या बिलाच्या मिनिममात धरत नाहीत.

सावली_२

हे डोक्यातच आलं नव्हतं! १० तारखेला पगार होतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाचा ऑटो पे लावते आणि पहिला हप्ता हाताने भरते. आज रात्री अर्ज टाकतेय, लिमिट किती आलं ते इथे कळवते.