घरातली जुनी यानं: तुमच्याकडे काय जपलंय?

देवगड

बाबांचे काका बोटीवर होते. १९७० च्या मे महिन्यात घरी आले तेव्हा त्यांच्या पेटीतून एक खोका निघाला. आत अपोलोच्या चांद्रयानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, सुटे भाग चिकटवून करायचं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. ओटीवर कंदिलाच्या उजेडात दोघांनी ते चार रात्रींत उभं केलं. पणजीने पाहिलं आणि विचारलं, "ही खयची रे कुर्ली?" तेव्हापासून आमच्या घरात ते यान कुर्लीच, म्हणजे खेकडा. अपोलो ९ च्या अंतराळवीरांनीही १९६९ मध्ये आपल्या चांद्रयानाला 'स्पायडर', म्हणजे कोळी म्हटलं होतं, तेव्हा पणजीची नजर बरोबरच होती.

पुढे घर शाकारताना खोका माळ्यावरून पडला आणि कुर्लीचा एक पाय गेला. बाबांनी त्या जागी माडाचा हीर तासून लावला. आता एक संग्राहक त्याच मॉडेलचा मूळ पाय द्यायला तयार आहेत. लावू की नको? मन होत नाहीये. तुमच्याकडे असं काही असेल तर सांगा, आणि ते कसं सांभाळता तेही.

दापोली

आमच्याकडे सॅटर्न ५ आहे. खरं रॉकेट ३६३ फुटांचं, मॉडेल त्याच्या १४४ पट लहान, म्हणजे अडीच फूट. मामाने दिलेलं. आईने झुरळं नकोत म्हणून रद्दी पेपरात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि सोबत मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. ही चूक कुणी करू नका. त्या वासाच्या वाफेने हे प्लॅस्टिक मऊ पडतं. गणपतीत उघडलं तर गोळ्या टेकल्या होत्या तिथे खळगे, आणि एका खळग्यात पेपरातली अक्षरं उलटी उमटलेली. आई खूप हळहळली. आज ती नाही. त्या खळग्यांना मी पुट्टी लावलेली नाही, लावणारही नाही.

पावसाळ्यात मी ते सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि दसऱ्यानंतर सावलीत वारा देते. थेट ऊन नको, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं.

वेंगुर्ले

माझं मॉडेल विकतचं नाही. वडील सुतारकाम करायचे. १९ एप्रिल १९७५ ला रशियातून आर्यभट सुटला. पुढे तो दोन रुपयांच्या नोटेवर आला, तेव्हा ती नोट समोर ठेवून त्यांनी तो लाकडात घडवला. खरा उपग्रह ३६० किलोचा, आमचा नारळाएवढा. पैलू मात्र पुरते २६. मी लहानपणी बोट फिरवून मोजायचो आणि दर वेळी चुकायचो, मग ते माझं बोट धरून मोजायचे. वरची आणि खालची बाजू सोडून बाकीच्या पैलूंवर सौर घट होते, म्हणून त्या दोन बाजू त्यांनी कोऱ्या ठेवल्या, बाकी निळ्या रंगवल्या. एका कडेला वाळवी लागली होती. ती मारली, पण रंगाला हात लावला नाही. त्यावर त्यांच्या ब्रशचा एक केस चिकटलेला आहे.

गुहागर

देवगडकर, पाय बदलू नका. मूळ पाय घ्या आणि खोक्यात वेगळा ठेवा.

देवगड

सगळं बाबांना वाचून दाखवलं. वेंगुर्ल्याच्या आर्यभटावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हीर जुना झालाय, वाकलाय. २०२३ ला चांद्रयान ३ उतरलं तेव्हा गणपतीच्या आराशीत ठेवली होती, तेव्हाच कलली होती कुर्ली."

संध्याकाळी मागच्या माडाची पडलेली झावळी ओढून आणली. आता पडवीत बसून कोयतीने हीर तासतायत. मूळ पाय शेजारी ठेवलाय, लांबी मापायला.