मदत हवी आहे: जावा प्रोग्रॅम घरी नीट चालतो, दुकानातल्या काही फायलींवर बंद पडतो

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. सौदे उरकले की दिवाणजी त्या दिवसाच्या नोंदी नोटपॅडमध्ये टाइप करतात: लॉट नंबर, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, मध्ये स्वल्पविराम. ती फाइल वाचून शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या छापणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. घरी विंडोज ११ वर केलेल्या फायली तो बिनतक्रार वाचतो. दुकानात विंडोज ७ आहे, तिथल्या काही फायली चालतात, काहींवर एकही ओळ न वाचता बंद पडतो.

एरर आहे मालफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन, इनपुट लेंग्थ = १. येते ती फाइल्स.रीडऑललाइन्सच्या ओळीवर. तिथे कॅरसेट (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) दिलेला नाही.

जावाच्या आवृत्तीचा घोळ नसावा. दुकानात जावा ८ आहे, म्हणून घरच्या १७ वर रिलीज ८ देऊन कंपाइल केलंय. नाहीतर क्लास फाइलच्या आवृत्तीची तक्रार येऊन प्रोग्रॅम सुरूच झाला नसता. पाथही बरोबर आहे. बंद पाडणारी फाइल पेनड्राइव्हवर घरी आणली तर इथेही तेच. नोटपॅडमध्ये मात्र ती स्वच्छ दिसते.

न वाचता येणारे बाइट गाळून पुढे जा, असा उपाय मला नको. नाव तुटलेली पट्टी शेतकऱ्याच्या काय कामाची? आणि सौद्याच्या गर्दीत दिवाणजींना सेव्ह करायची पद्धत बदला म्हणणंही बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद:
ताई, चालणाऱ्या फायलींत सगळं इंग्रजीत आणि पडणाऱ्यांत मराठी नावं, असं आहे का? जुनं नोटपॅड मुळात एएनएसआय या जुन्या कॅरसेटमध्ये सेव्ह करतं. त्यात देवनागरी बसत नाही, म्हणून ते इशारा देतं आणि माणूस ‘युनिकोड’ निवडतो. तो असतो यूटीएफ-१६. रीडऑललाइन्सला काही सांगितलं नाही तर ते यूटीएफ-८ धरून चालतं आणि पहिल्याच बाइटला अडतं. रीडऑलबाइट्सने पहिले दोन बाइट छापून बघा. -१ आणि -२ आले तर हेच, ती यूटीएफ-१६ ची सुरुवातीची खूण. मग वाचताना स्टँडर्डकॅरसेट्समधला यूटीएफ_१६ द्या. नावाच्या शेवटी एलई असलेला नको, तो ही खूण मजकुरातच ठेवतो. सुरुवातीला -१७, -६९, -६५ दिसले तर फाइल यूटीएफ-८ च आहे, पण तिथेही खूण लॉट नंबरला चिकटून राहते, ती स्वतः काढावी लागेल.

धागाकर्ती:
दादा, अगदी तसंच निघालं! इंग्रजी नावं लिहिणारा मुलगा वेगळा, मराठी लिहिणारे दिवाणजी वेगळे. पडणाऱ्या फायलींत -१, -२ च आहेत. आता आधी बाइट बघून कॅरसेट ठरवते, नावं अख्खी येतायत. मनापासून आभार.

पुढची अडचण: दिवाणजी आकडेही कधीकधी मराठीत लिहितात. लॉट नंबर पार्सइंटने वाचला जातो, पण वजन पार्सडबलवर नंबरफॉर्मॅटएक्सेप्शन देतं. प्रत्येक अक्षर कॅरेक्टर.डिजिटमधून फिरवून साधा अंक करायचा आणि दशांश बिंदू तसाच ठेवायचा, असं करू ना?

प्रतिसाद:
हो ताई, तसंच करा. पार्सइंट आतून तेच वापरतं, पार्सडबल वापरत नाही.