फिल्टर नवा, तरी गाडी चढाला ओढत नाही?
नवा डिझेल फिल्टर टाकूनही जुना ट्रक चढाला ओढत नाही म्हणताय, तर आधी टाकी बघा. तळाशी गंज आणि पाणी साचलेलं असेल तर कितीही फिल्टर बदला, पुन्हा तेच. काढलेल्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत ओता. पाणी असेल तर खाली बसतं. काळा, बुळबुळीत थर दिसला तर टाकी उतरवून धुवाच. कागदी फिल्टर हवा मारून परत वापरू नका, प्लीज! कागद फाटला की कचरा थेट इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपात, आणि तो खर्च फिल्टरपेक्षा कितीतरी मोठा. धुवायची ती फक्त डिझेल गाळायची जाळी, तीही स्वच्छ डिझेलने. नवा फिल्टर बसवल्यावर ब्लीड स्क्रू (आत अडकलेली हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून डिझेल लाइनवरचा हातपंप मारा, फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा.